जुन्या ड्रॉइंगवरून केलेलं थ्रीडी मॉडेल उलटं येतंय
प्रश्न: अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. बाबांच्या वेळचं ब्रॅकेटचं ड्रॉइंग, ट्रेसिंग पेपर घडीवर फाटलेला. त्यावरून सॉलिडवर्क्स या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल केलं. मापं सगळी जुळतात, पण तेलाचं भोक डावीकडे हवं ते उजवीकडे येतं. तीन रात्री गेल्या. काय चुकतंय?

उत्तर: दादा, टायटल ब्लॉकमधलं (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली माहितीची चौकट) कापलेल्या शंकूचं चिन्ह बघा, ड्रॉइंग कोणत्या पद्धतीने काढलंय ते त्यावरून कळतं. आपल्याकडे फर्स्ट अँगल, म्हणजे डावीकडून दिसणारा व्ह्यू उजवीकडे काढतात. अमेरिकन ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये, तिथे डावीकडचा डावीकडेच.

दुसरं उत्तर: आणि स्कॅनवरून मापं काढू नका हं, ट्रेसिंग पेपर दमट हवेत ताणला जातो. लिहिलेलं मापच धरा.

प्रश्नकर्ता: चिन्ह नेमकं घडीत होतं, भिंगाने दिसलं. थर्ड अँगलच! भोक जागेवर आलं. खूप आभार. संध्याकाळी बाबांना मॉडेल फिरवून दाखवणार आहे.