बीकॉमला अप्रेंटिसशिप जोडायचीय, पण कंपन्या दाद देईनात

खडूफळा:
नमस्कार मंडळी, सांगलीकडच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवतो. प्राचार्यांचं फर्मान आहे की येत्या जूनपासून एईडीपी सुरू करायचं, म्हणजे डिग्री करता करताच कंपनीत अप्रेंटिसशिप आणि तिचे क्रेडिट मार्कशीटवर. ६० जागा. सिलॅबस लिहून तयार आहे, एमआयडीसीत तीन ठिकाणी जाऊन आलो, चहा पाजतात, ब्रोशर ठेवून घेतात आणि ‘बघतो सर’ म्हणतात. चुकतंय कुठे? आणि पगार कोणी द्यायचा?

नटबोल्ट:
सर राग मानू नका पण घोडं तिथंच अडलंय, सिलॅबस आधी आणि कंपनी मागून. मी चाकणला एचआरमध्ये आहे, आमच्याकडे एक कॉलेज असंच आलेलं, म्हणे सहाव्या सेमला पोरं पाठवतो. म्हणजे ऐन मार्च एंडला! अकाउंट्सवाल्यांना तेव्हा जेवायला फुरसत नसते, शिकवणार कधी. शेवटी त्यांना पाचवं सेम घ्यायला लावलं तेव्हा जमलं.
आणि ६० चा हिशोब करा. ३० किंवा जास्त माणसं असली की कंपनीला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, पण एकूण माणसांच्या अडीच ते १५ टक्क्यांतच. म्हणजे ६० पोरं एकाच ठिकाणी खपवायला ४०० माणसांची कंपनी हवी. ४५ माणसांचं युनिट जास्तीत जास्त ६ घेणार. १५-२० ची बॅच करा, चार-पाच युनिटात वाटा.
पगार नाही, स्टायपेंड. कंपनी देते, नॅट्सवर (केंद्र सरकारची अप्रेंटिसशिप योजना) नोंद असेल तर किमान स्टायपेंडचा अर्धा वाटा सरकारचा. कॉलेज, कंपनी, विद्यार्थी असा तिघांचा करार.

लेकीचाबाप:
माझ्या मुलीचं झालंय हे. सहा महिन्यांचे २० क्रेडिट मिळाले, पण तिची लॉगबुक बघाल तर पानामागून पान ‘बिले फाईल केली’, खाली सही. जीएसटी रिटर्न कसं भरतात हे कुणी दाखवलंच नाही कारण शिकवायला माणूसच नेमला नव्हता आणि कॉलेजचे सरही एकदाच फिरकले, तेही फोटोपुरते. वर सरकारी वाट्याचे पैसे अडकले, का तर बँक खातं आधारला जोडलेलं नव्हतं. ते तेवढं पहिल्याच दिवशी करून घ्या.

खडूफळा:
लॉगबुकचं मनाला लागलं. पीएफ, ईएसआयसी? आणि शेवटी नोकरी द्यावीच लागते का कंपनीला?

नटबोल्ट:
पीएफ-ईएसआयसी नाही, १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात अप्रेंटिस हा कामगार धरतच नाहीत, तो शिकाऊ. पण कामावर इजा झाली तर भरपाई कंपनीवरच, हे करार करताना मालकाला तोंडावर सांगा, नंतर वाद नको. नोकरीची सक्ती नाही, त्यामुळे पोस्टरवर तसलं काही छापू नका म्हणजे झालं.

खडूफळा:
पोस्टर छापून आलंय हो 😅 ‘१०० टक्के नोकरी’, लाल अक्षरात. उद्या सकाळी प्राचार्यांना गाठतो.