आम्ही दोघं काळ्या डोळ्यांचे, मग लेकीचे डोळे घारे कसे?

लेकीचीआई (ऐरोली)
नमस्कार. लेक सहा महिन्यांची झाली, गेल्या रविवारी नौपाड्याला सासरी उष्टावण केलं. सगळं छान चाललं होतं तेवढ्यात आत्येसासूबाईंनी तिला उचलून खिडकीपाशी नेलं, उजेडात तोंड धरलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगंबाई, ही घारी कुणावर गेली? आपल्यात तर कोणीच नाही." सगळे हसले, मी पण हसले, पण खिरीची वाटी माझ्या हातात तशीच राहिली. माझे डोळे गडद तपकिरी, नवऱ्याचे जवळजवळ काळेच. लेकीचे घरात राखाडी दिसतात आणि उन्हात धरलं की बाहुलीभोवती मधासारखं कडं दिसतं. नवरा एका शब्दाने काही बोलला नाही, पण रात्री दीड वाजता फीडिंगला उठले तर तो मोबाईलवर हेच सर्च करत बसलेला. शाळेत ब्राऊन डॉमिनंट, ब्लू रिसेसिव्ह असं काहीतरी होतं ना? प्लीज कुणीतरी नीट सांगा, मला त्याला वाचून दाखवायचंय.

घोडबंदरकर
माझ्या बायकोने नऊ महिने केशर घातलेलं दूध प्यायलं, गोरं बाळ होतं म्हणे. पोरगा डिट्टो माझ्यासारखा निघाला, रंगाने पण. केशराचे पैसे पाण्यात, सॉरी, दुधात. टेन्शन घेऊ नका ताई.

बायोवाल्या_मॅडम (ठाणे)
अगं, आधी एक श्वास घे. अकरावी-बारावीला बायो शिकवते, हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतो आणि दरवर्षी एखादं पोर घरी जाऊन आईबाबांचे डोळे तपासतं.

तू म्हणतेस तो ब्राऊन डॉमिनंट, ब्लू रिसेसिव्हचा तक्ता 1907 चा, अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट नवराबायकोने मांडलेला. गंमत म्हणजे तो जुना तक्तासुद्धा तुझ्याच बाजूने आहे. ब्राऊन डॉमिनंट म्हणजे दोघांकडे फिक्या रंगाच्या जीनची एकेक कॉपी लपलेली असू शकते, डोळ्यात दिसत नाही एवढंच. दोघांनी नेमकी तीच दिली की बाळ फिक्या डोळ्यांचं, त्या हिशोबाने चारात एक चान्स. उलटं, म्हणजे निळ्या डोळ्यांच्या जोडप्याला ब्राऊन मूल, ते त्या तक्त्यात बसत नाही, पण प्रत्यक्षात तेही क्वचित होतं, म्हणून डोळ्यांवरून बाप ठरवायला जाऊ नये. (हे वाक्य त्याला मोठ्याने वाचून दाखव.)

आता खरा प्रकार. निळा रंग नावाचं पिगमेंट माणसाच्या डोळ्यात नसतंच. बुबुळाच्या पुढच्या थरात मेलॅनिन, म्हणजे तपकिरी-काळं पिगमेंट, भरपूर असलं की ब्राऊन, अगदी कमी असलं की उजेड विखुरतो आणि निळं दिसतं, आकाश निळं दिसतं साधारण तसंच. आपलं 'घारं' मधलं, त्यात राखाडी, हिरवट, पिंगट सगळंच येतं. मेलॅनिन किती बनणार यात मोठा हात ओसीए2 या जीनचा, आणि त्याचा स्विच शेजारच्या एचईआरसी2 मध्ये, दोन्ही पंधराव्या क्रोमोसोमवर. स्विच मंद झाला की रंग फिका. पण एवढ्यावर भागत नाही. 2021 मध्ये जवळपास 1 लाख 95 हजार लोकांचा डीएनए तपासला तेव्हा डोळ्यांच्या रंगाशी जोडलेल्या 61 जागा सापडल्या, त्यातल्या 50 आधी माहीत नव्हत्या. त्यामुळे आईचा रंग अधिक बाबांचा रंग भागिले दोन असलं गणित इथे चालत नाही.

आणि सहा महिने म्हणजे काहीच नाही गं. मेलॅनिन जन्मानंतरही साठत राहतं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त बदल, कुणाकुणाचं तीन वर्षांपर्यंत चालतं. बदल शक्यतो गडदकडेच होतो. पहिल्या वाढदिवसाला परत बघ.

चष्मेवाला
स्टेशनजवळ चष्म्याचं दुकान, तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघतोय. दोन गोष्टी. "आमचे आजोबा निळ्या डोळ्यांचे होते" असं पुष्कळ लोक सांगतात, नीट विचारलं तर कळतं म्हातारपणी काळ्या बुबुळाच्या कडेने निळसर पांढरी रिंग आलेली असते, तरुणपणी डोळे काळेच. त्यामुळे घारं कोण होतं शोधताना विचारायचं, लहानपणी कसे होते.

दुसरी महत्त्वाची. रंग काहीही असो, पण फ्लॅशच्या फोटोत बाहुली लाल न येता पांढरी चमकत असेल, किंवा दोन डोळ्यांत रंगाचा फरक पडायला लागला, तर आमच्यासारख्यांकडे नाही, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे, त्याच आठवड्यात. घाबरवत नाहीये, ताईंनी लिहिलंय त्यात तसं काही वाटत नाही.

घोडबंदरकर
काका, माझ्या आजोबांची निळ्या डोळ्यांची स्टोरी तुम्ही एका मिनिटात संपवलीत 😄

लेकीचीआई (ऐरोली)
मॅडम, काका, खूप थँक्यू. फ्लॅशचे फोटो लगेच चेक केले, दोन्ही डोळे लाल आलेत. नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं, डोळ्यांवरून बाप ठरवू नये ते दोनदा. तो म्हणाला मी तसलं काही शोधत नव्हतो. बरं.

पण खरी मजा पुढे. काल सासूबाईंना फोनवर सहज विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, माझी घारूमावशी होती की!" त्यांची सख्खी मावशी, अख्खं माहेर तिला घारू म्हणायचं. मी म्हटलं मग रविवारी बोलला का नाहीत? तर म्हणे, "वन्संनी 'आपल्यात' म्हटलं ना, त्यांच्यात नाहीच कोणी. त्यांच्यासमोर माझं माहेर कशाला काढू?"

म्हणजे नवऱ्याकडची बाजू सापडली. आता माझ्याकडचं कोण, ते आईला विचारलंय, ती पनवेलच्या घरातला जुना अल्बम काढून बसलीये. सगळे फोटो ब्लॅक अँड व्हाइट.