पोपोलोका वेगळी, पोपोलुका वेगळी

कुणीतरी पोपोलोका आणि पोपोलुका ही एकाच भाषेची दोन नावं असल्याचं लिहिलंय. तसं नाही. पोपोलुका भाषा मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझ राज्यातल्या, मिहे-सोके कुळातल्या. पोपोलोका भाषा शेजारच्या प्युएब्ला राज्याच्या दक्षिणेला, तेवाकान शहराच्या आसपास बोलतात. त्यांचं कुळ ओटो-मांगे. चोचो आणि इश्काटेक या त्यांच्या जवळच्या बहिणी.

घोळ नावाचा आहे, आणि मला त्या नावाचाच राग येतो. नाहुआट्लमध्ये, म्हणजे अ‍ॅझ्टेकांच्या भाषेत, त्याचा अर्थ न कळणारं बोलणं. आपल्याकडचा 'म्लेंच्छ' शब्द मुळात असाच. शेजाऱ्यांनी हा शिक्का अनेकांवर मारला आणि स्पॅनिश कागदपत्रांतून तो पक्का झाला. पोपोलोका बोलणारे स्वतः आपल्या भाषेला 'न्गिवा' म्हणतात. आपणही तेच म्हणावं. अर्थात ती एकच भाषा नव्हे, एका गावचं बोलणं दुसऱ्या गावाला नीट कळेलच असं नाही. शिवाय आवाजाचा सूर वर-खाली झाला की शब्दाचा अर्थ बदलतो. हा सूर कागदावरून शिकणं कठीण, घरातल्यांच्या तोंडूनच कानावर पडावा लागतो.

म्हणून लोस रेयेस मेत्सोंत्ला या पोपोलोकांच्या गावाचं फार वाईट वाटतं. तिथे आजही चाकाशिवाय, नुसत्या हातांनी मडकी घडवतात, दगडाने घासून चकचकीत करतात. मडकी टिकली, भाषा मात्र मोजक्या म्हाताऱ्यांकडे उरलीय.