मेसच्या जेवणातलं मीठ कमी करायचंय, पण गिऱ्हाईक टिकवून

मेसवाला_जळगाव:
राम राम मंडळी. जळगावात मेस आहे आपली, कॉलेजची पोरं अन् एमआयडीसीतली माणसं जेवतात. जुन्यांपैकी बरेच आता बीपीच्या गोळीवर आलेत म्हणून मीठ कमी करून पाहिलं, तर लगेच "भाजी पानचट झाली" सुरू. वेगळं आळणी रांधणं परवडत नाही. कोणी केलंय का असं?

खान्देशी_तडका:
भो, शेवभाजी आळणी केली तर पातेलं डोक्यात घालतील 😀 अन् मे महिन्यात ४५ डिग्रीत घामातून मीठ जातंच की.

भुसावळची_ताई:
घामाचं कारण सगळेच देतात. उन्हात राबणाऱ्याचं वेगळं, मेसमधली पोरं कूलरसमोर असतात. डब्ल्यूएचओ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणतं, म्हणजे लहान सपाट चमचा, पापड-लोणचं धरून. आपल्याकडे सरासरी त्याच्या दुपटीच्या आसपास जातं. दादा, तुम्ही एकदम कमी केलं म्हणून कळलं. इंग्लंडात ब्रेडमधलं मीठ २००१ ते २०११ मध्ये साधारण २० टक्के उतरलं, थोडं थोडं करत, खाणाऱ्यांना पत्ता नाही. मुठीच्या अंदाजाने नका टाकू, वजन करून टाका अन् महिन्याला थोडं उतरवा, जीभ सरावते.

चोपडेकर_आबा:
रस्सा चाखताना शेव कोणी धरत नाही. ती आधीच खारी, वाढताना टाकली की तिचं मीठ रश्श्यात उतरतं, म्हणजे पातेल्यात बरोबर लागलेला रस्सा ताटात जास्तीचा झाला. त्यात कळण्याच्या भाकरीत मीठ, ठेच्यात मीठ, वरून बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड. उडदाच्या पापडात तर मीठ वेगळं अन् पापडखार वेगळा, तोही सोडियमच, खारट लागत नाही म्हणून कोणी मोजत नाही. पापड रोज कशाला? लिंबाची फोड द्या.

मेसवाला_जळगाव:
आबा, हे डोक्यातच नव्हतं. सैंधव किंवा ते लो सोडियम मीठ सरसकट वापरलं तर?

भुसावळची_ताई:
सैंधव पण सोडियम क्लोराईडच, वर आयोडीन जातं. लो सोडियममध्ये पोटॅशियम असतं, चीनच्या खेड्यांत मोठा अभ्यास झाला, २०२१ ला निकाल आला, त्यात पक्षाघाताचं प्रमाण घटलेलं दिसलं. पण किडनीवाल्यांना अन् बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना पोटॅशियम चढू शकतं, अन् कोणाला काय आहे तुम्हाला काय माहीत? मेसला नको, घरी डॉक्टरला विचारून.

मेसवाला_जळगाव:
ठीक ताई. काटा आहेच, वरणापासून सुरू करतो, शेवभाजीला शेवटी हात लावू. शेव विकतची आहे पण कारागीर ओळखीचा, त्याला कमी खारी पाडायला सांगून बघतो.