जीएनएमचं (नर्सिंग पदविकेचं) कर्ज, गगनबावड्यात कंत्राटी नोकरी : हप्ता कसा बसवायचा?

प्रश्न : शैक्षणिक कर्ज ३ लाख, दरवर्षी १ लाख उचललेलं, व्याज १० टक्के. दुर्गम भागात बाळंतपणं करणाऱ्या नर्सचं कर्ज सरकार फेडतं म्हणे. खरं का?

उत्तर : ताई, ती योजना अमेरिकेतली, नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरची. तिथलं नागरिकत्व आणि तिथलाच परवाना लागतो. तिच्या भरवशावर हप्ता थांबवू नका.

खरी मेख व्याजात आहे. तीन वर्षं शिक्षण आणि पुढचं एक वर्ष सवलतीचं, म्हणजे हप्ता न भरण्याचं. तेवढ्या काळात पहिल्या लाखावर ४० हजार, दुसऱ्यावर ३०, तिसऱ्यावर २० हजार सरळ व्याज चढतं. हे ९० हजार मुद्दलात मिसळले की १० वर्षांचा हप्ता सुमारे ५,१५० रुपये बसतो. मिसळण्याआधी भरलेत तर ३,९६५. सगळं जमत नसेल तर जमेल तेवढं भरा, पण सवलतीचं वर्ष संपायच्या आत.

प्रश्न : मानधन उशिरा आलं आणि हप्ता चुकला तर?

उत्तर : कंत्राटी मानधन एका ठरावीक तारखेला येतंच असं नाही. हप्त्याची तारीख ५ असेल आणि खातं रिकामं, तर दंड बसतो, सिबिलही (कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारे पतगुण) खराब होतं. शाखेत लेखी अर्ज देऊन तारीख पुढे घ्या आणि पोच घ्याच. एक हप्ता कायम खात्यात शिल्लक ठेवा. थकबाकी ९० दिवसांवर गेली की खातं एनपीए (बुडीत कर्जात जमा) होतं, मग सहकर्जदार वडिलांनाही नवं कर्ज मिळणं अवघड.

प्रश्न : या कर्जावर आयकरात सूट मिळते का?

उत्तर : जुनी करप्रणाली घेतली असेल तर आयकराच्या ८०ई कलमाखाली भरलेलं व्याज उत्पन्नातून वजा होतं, ८ वर्षं. मुद्दल नाही. बँकेकडून व्याजाचा दाखला मागून घ्या.