मदत हवी आहे: शेवट न फोडता परीक्षण कसं लिहू?

सांगलीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या सिनेमामालिकेतल्या पहिल्या सिनेमावर, 'द फेलोशिप ऑफ द रिंग' (२००१) वर परीक्षण लिहितेय. (पुढे शेवट उघड होतोय.) पहिला भाग म्हणून सिनेमा अर्धवट वाटतो, असं मैत्रिणी म्हणतात. मला अजिबात पटत नाही! मूळ पुस्तकात बोरोमिर या योद्ध्याचा मृत्यू दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला आहे, दिग्दर्शकानं तो इथं अखेरीस आणला. जादुई अंगठीच्या मोहात घसरलेला हा माणूस दोन हॉबिटांसाठी (गोष्टीतले बुटके लोक) जीव देतो, तिथं या भागाची गोष्ट पुरी होते. माझं सगळं म्हणणं यावरच उभं आहे.

पण अंक वाचणाऱ्या बऱ्याच जणांनी सिनेमा पाहिलेला नाही. नाव गाळून लिहिलं तर मुद्दा पोकळ होतो. आधी इशारा द्यायला संपादक मंडळ नाही म्हणतंय. मर्यादा ५०० शब्द. मृत्यू न सांगता हा मुद्दा पटवायचा कसा?