मदत हवी आहे: चिनी 'थानह्वा'ला मराठीत काय म्हणू?

एका 'च्वेच्यू'चं (चिनी कवितेचा एक छोटा प्रकार) भाषांतर करतेय. चारच ओळी, प्रत्येकीत 5 किंवा 7 अक्षरं, एकही शब्द वाया घालवता येत नाही. अडलेय 'थानह्वा'पाशी. शब्द मुळात आपल्या 'उदुंबर'चाच! बौद्ध ग्रंथांतून चीनमध्ये गेला, 3000 वर्षांतून एकदा उमलणारं फूल म्हणून. आज मात्र तिथे थानह्वा म्हणजे रात्री फुलून सकाळी मिटणारं ते फूल, ज्याला आपण घरोघरी ब्रह्मकमळ म्हणतो. 'उंबराचं फूल' लिहिलं तर दुर्मिळपणा येतो, पण 'थानह्वासारखं क्षणभर झळकणं' या चिनी वाक्प्रचारातली क्षणभंगुरता हरवते. ब्रह्मकमळ लिहिलं की बुद्धाचा संदर्भच सुटतो, आणि तो मला सोडवत नाही. तुम्ही काय निवडाल? शिवाय यमक दुसऱ्या-चौथ्या ओळीत आहे, मग ओवीत बसवण्याचा हट्ट सोडू का?